सकाळी सातचा हिरवा ठिपका

प्रिय पूर्वा,

फोन असताना बाबांनी पत्र का पाठवलं, म्हणून तू आधी शेवट वाचायला जाशील. जाऊ नकोस. घर कोथरूडला जिथे होतं तिथेच आहे, आणि घरात मीही आहे.

बातमी अशी की आपल्या कॉम्प्युटरची जुनी सिस्टीम निवृत्त झाली, तीही निरोप समारंभाशिवाय. म्हटलं, नवी लिनक्स आपणच घालू. खालच्या मजल्यावरचे रज्जाकभाई मदतीला आले, म्हणजे खुर्चीत बसून सूचना वाचून दाखवत होते. माझ्या कमरेला सध्या पट्टा आहे, म्हणून टेबलाखालचा सीपीयू मात्र त्यांनीच उचलून वर ठेवला.

सिस्टीम घालण्याआधी मशीनच्या मुळातल्या सेटिंग्ज बघाव्या लागतात, हे तुला सांगायला नको. बटण दाबलं की लगेच एफ-टूची कळ टकटकवत राहायचं. पहिल्यांदा उशीर झाला, दुसऱ्यांदा सेटिंग्जचा निळा पडदा आला. तिथे माऊस चालेना, बाणांनी फिरलो. सुरू होण्याचा क्रम बदलला, पेनड्राइव्ह वर आणि डिस्क खाली. अनोळखी सिस्टीम अडवणारं ते सिक्युअर बूट चालू ठेवायचं की बंद, यावर चहा गार होईपर्यंत चर्चा झाली. नव्या सिस्टीमला ते चालतं असं लिहिलं होतं, म्हणून हात लावला नाही. रज्जाकभाईंचं मत सगळ्याच बाबतीत एक होतं, "सीतारामराव, चालतंय ते कशाला बिघडवताय?" याच धोरणावर त्यांनी आयुष्यभर शाळा चालवली.

मग त्याच सेटिंग्जमध्ये विजेच्या पानावर ती ओळ दिसली. रोज सकाळी सातला आपोआप सुरू. दिवाळीत तूच करून गेलीस, मला बटणासाठी वाकायला नको म्हणून. न सांगता सोय करून ठेवायची सवय तू आईकडून घेतलीस. मशीन सुरू झालं की गप्पांची खिडकी उघडते, तिकडे बंगळुरूत माझ्या नावापुढे हिरवा ठिपका येतो, आणि तो आपोआप येतो हे विसरून, बाबा उठले म्हणून तू ऑफिसला निघतेस. मलाही त्याचं कौतुकच होतं.

मागच्या मंगळवारी पहाटे मी न्हाणीघरात पडलो. हाका कुणाला ऐकू गेल्या नाहीत. भांडी घासायला आनंदीबाई दुपारी येतात, त्यांच्याकडे किल्ली असते, म्हणून त्यांनी उठवलं. हाड शाबूत आहे, मुका मार आहे. पण फरशीवर असताना बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर सुरू झाल्याचा आवाज आला, आणि कळलं की आता तू निर्धास्त झालीस. पूर्वा, इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती. तुझा निरोप संध्याकाळी वाचला. "शाब्बास बाबा, आजही वेळेवर हजर!"

फोनवर तू विचारलं असतंस आणि मी ठणठणीत आहे म्हणालो असतो. गेला आठवडाभर रोज तेच म्हणतोय. कागदावर ते जमत नाही, म्हणून लिहिलं. ती ओळ मी बंद केली आहे. वीज जाऊन आल्यावर मशीन आपोआप सुरू करणारी ओळही. रज्जाकभाई नको म्हणत होते, तरी सेव्ह केलं. सीपीयू आता टेबलावरच राहील, वाकावं लागणार नाही. यापुढे ठिपका दिसला तर बटण मी स्वतः दाबलेलं असेल. नऊपर्यंत दिसला नाही तर रज्जाकभाईंना फोन कर, एक किल्ली त्यांनाही दिली आहे. शाब्बास मात्र लिहीत जा. आता ती शाबासकी माझ्या कमाईची असेल.

तुझाच,
बाबा