चार जातींना एकच जोडी

मी, सरला हिरामण राऊत, वय वर्षे बासष्ट, अविवाहित, निवृत्त शिक्षिका (जीवशास्त्र), राहणार राजोडी, तालुका वसई, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. पोटातल्या गाठीने माझा निकाल लावलेला आहे. डोके मात्र ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने खाली सही करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र, ज्यात सर्व काही दादाला दिले होते, ते रद्द समजावे. का रद्द, ते कलम तीनमध्ये आहे.

१. माझ्या कमाईतून बांधलेले कौलारू घर माझी वहिनी सौ. द्वारका हिला द्यावे. तिचा नवरा, म्हणजे माझा थोरला भाऊ पांडुरंग, याचे नाव घरपट्टीवर लागता कामा नये. ऑपरेशननंतर वहिनीने माझी घाण काढली, एकदाही तोंड वाकडे केले नाही. म्हातारपणी तिला "माझ्या घरातून चालती हो" असे कोणी म्हणू नये, एवढ्यासाठीच ही तरतूद. वहिनी, पाट्याला टाकी लावून घे गं, पार गुळगुळीत झालाय.

२. सूक्ष्मदर्शक आणि माशांच्या सर्व बरण्या बेटी हिला द्याव्यात. बेटी ही शेजारच्या वाडीतल्या व्हॅलेरियन तुस्कानोची मुलगी, माझी विद्यार्थिनी. खवले मोजताना कंटाळत नाही अशी तेवढीच एक भेटली. बरण्या कॉलेजला देऊ नयेत. तिथल्या एका विद्वानाने माझा एक नमुना "बघतो" म्हणून नेला आणि परत विचारले तर म्हणाला, "बाई, तो साधा डाकू मासाच असेल, टाकला." टाकला! मेल्याने उघडून पाहिलादेखील नाही.

३. आता बावखल. वाडीला पाणी द्यायला आमच्या पणजोबांनी खणलेले गोड्या पाण्याचे तळे, दादाच्या आणि माझ्या सामाईक मालकीचे. त्यात चन्ना या एकाच प्रजातीच्या चार जाती नांदत होत्या. शेपटीच्या मुळाशी डोळ्यासारखा ठिपका असलेली मोठी मरळ. अंगभर काळे ठिपके असलेली मधली. पिले होईपर्यंत अंडी तोंडात सांभाळणारा बापमाणूस डाकू. आणि चौथा, डाकूसारखाच दिसणारा, पण पोटाखालचे दोन पर अजिबात नसलेला. तो मी दुसऱ्या कुठल्याच बावखलात पाहिला नाही. नवी जात आहे असा माझा दावा नाही. मोजल्याशिवाय नाही असेही कोणी म्हणू नये.

आमच्याकडे बावखल उपसायचे तर एक रीत आहे. मासे आळीत वाटायचे, पण एक जोडी शेजारच्या बावखलात सोडायची. याला बी सोडणे म्हणतात. गेल्या एप्रिलात मी मुंबईला ऑपरेशनच्या खाटेवर असताना दादाने बावखल उपसले आणि आचोळ्याकडच्या इमारतींची डबर आणून बुजवले. प्लॉट पाडायचे आहेत. घरी आले तेव्हा मला म्हणाला, "सरले, रीत काय मोडली नाय मी. हाताएवढी जोडी सोडली व्हॅलेरियनच्या बावखलात. मासा तो मासा, त्यात चार जाती कसल्या?"

चार जातींचे बी म्हणून त्याने एक जोडी सोडली, आणि तीही मरळीची. मरळ लहान भावंडांना खाते. दिवाळीपर्यंत व्हॅलेरियनच्या बावखलातला डाकूही दिसेनासा झाला. बाकीचे मासे उपसल्यावर चिखलात शिरले होते. ही प्रजाती हवेतून श्वास घेते, ओल्या चिखलात महिनोन्महिने तग धरते. वाडीत जन्मलेल्या माणसाला हे ठाऊक नसावे? जिवंत गाडले रे दादा तू त्यांना. याची क्षमा माझ्याकडे नाही, आणि मरणाच्या दारातही ती सापडलेली नाही.

४. बुजवलेल्या जागेतला माझा अर्धा हिस्सा व्हॅलेरियन तुस्कानो यास द्यावा. तो खातेदार शेतकरी आहे, कायद्याची अडचण नाही. अट एकच, डबर काढून बावखल पुन्हा खणावे. दादाने कोर्टात जायचे तर खुशाल जावे.

५. मला अग्नी दादानेच द्यावा, तो हक्क त्याचा. दहाव्याला कावळा शिवायचा नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. घर सांभाळीन, वर्षश्राद्ध करीन, काहीही म्हणून पाहा, येणार नाही. "तुझा हिस्सा खणू देईन" एवढे म्हण.

६. मी घरी आल्यावर व्हॅलेरियनने भरावाच्या कडेचा चिखल उकरला. त्यात चौथ्या जातीचे दोन मासे जिवंत मिळाले. मागीलदारच्या दगडी दोणीत आहेत. रोज गांडुळे घालावीत, दोणीवर झाकण ठेवावे, उडी मारतात. ही दोणी बेटीकडे जावी. बावखल खणून झाले की त्यांना तिथेच सोडावे, मरळीजवळ नको.

व्हॅलेरियन, कुंपणावरून तू रोज विचारतोस, "बाय, पिलां झाली का गो?" मी म्हणते, होतील. श्रावणात एकाचे गाल फुगलेले दिसले, तोंडात अंडी असतील म्हणून मी टाके दुखत असताना दोणीवर ओणवी झाले. गांडूळ होते. त्या दिवशी दोघांना ओंजळीत घेऊन नीट पाहिले. दोन्ही नर आहेत. तुला सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून इथे लिहिते. भरावाखाली आता मादी जिवंत असणे शक्य नाही, हे मुलांना चौतीस वर्षे शिकवलेल्या बाईला कळते.

तरी खण.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खालील साक्षीदारांसमोर त्यावर सही केली.

सरला हिरामण राऊत

साक्षीदार:
१. डॉ. विद्याधर नरहरी चुरी
२. कॉन्रॅड परेरा, पोस्टमन

राजोडी, २० नोव्हेंबर १९८८