आधी तिचं म्हणणं

सर, तुम्ही जाऊन सात वर्षं झाली. एव्हरशाईन सिटीतला तुमचा फ्लॅट विकला गेला, खिडकीला आता काळी काच आहे. मी त्या बिल्डिंगखालून जातो तेव्हा वर बघत नाही. पण स्वयंपाकघर जसंच्या तसं आठवतं. शनिवारची दुपार, ओट्यावर चहाचं भांडं, आणि मांडीवर परात घेऊन तांदूळ निवडणारे तुम्ही. पाळक घडवणाऱ्या धर्मशास्त्राच्या विद्यालयात तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस, बायको गेल्यावर एकटा राहणारा, आणि समोर स्टुलावर तर्कशास्त्राच्या पेपरात नापास झालेला मी. आपल्या प्रोटेस्टंट चर्चच्या मंडळीतला म्हणून फुकट शिकवायला घेतलेला.

तुमची पद्धत विचित्र होती. तुम्ही एक म्हणणं मांडायचात आणि मी ते खोडायचं. पण खोडण्याआधी तुमचं म्हणणं माझ्या शब्दांत परत सांगायचं, आणि तुम्ही "हो, हेच म्हणालो" असं म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. चुकलो की चहा गाळणं थांबायचं. मग तीनच शब्द वापरायचे: कबूल, नाकबूल, भेद करतो, म्हणजे एका अर्थाने हो, दुसऱ्या अर्थाने नाही. तुम्ही सांगायचात, पोपशी भांडून जे वेगळे झाले त्यांनी आधी कॅथलिक मठांतल्या पंडितांना आणि त्यांच्या त्या ग्रीक गुरूला भरपूर शिव्या घातल्या. पण त्यांचेच चेले पुढे विद्यापीठांत शिकवायला बसले तेव्हा त्या पंडितांचीच हत्यारं पुसून वापरायला काढली. द्रव्य आणि गुण, चार कारणं, ही वाद घालायची रीत, सगळं. मी म्हणालो, मग ही चोरीच झाली. तुम्ही एक खडा काढून बाजूला ठेवलात. "लेका, भांडायचं तर दोघांना एक भाषा नको? भांडण नेमकं कुठे आहे ते शोधायला आहे ही विद्या. माणसाला वाटतं तिथे ते नसतं. चार बोटं बाजूला असतं."

मंडळीतले एक काका तक्रार घेऊन आले होते, आठवतं? "सर, पोराला रोमची विद्या शिकवता म्हणे." तुम्ही त्यांना बसवलंत आणि त्यांची तक्रार त्यांनाच इतकी नीट परत सांगितलीत, की काका खूश होऊन "अगदी बरोबर" म्हणाले आणि चहा पिऊन निघून गेले. मी किती हसलो. मला ती युक्ती वाटली.

मला त्यातलं फक्त हत्यार आवडलं होतं, सर. कबूल, नाकबूल, भेद करतो. बस कंडक्टरशी, बापाशी, कॉलेजात, सगळीकडे. तिच्याशीसुद्धा. ती माझ्याच वर्गात होती, भुईगावची, कॅथलिक घरातली. म्हणायची, "तुला साधं 'हो' म्हणता येत नाही का रे?" मी म्हणायचो, कबूल. तेव्हा ती हसायची.

एका रविवारी तिच्या वडिलांनी मला जेवायला बोलावलं. केळीची वाडी, मागे विहीर, ओटीच्या भिंतीवर क्रूस. त्यांनी घरातली बोली बाजूला ठेवली आणि माझ्याशी सावकाश, चर्चमधल्या मिस्सेच्या उपासनेत वाचतात तशा मराठीत बोलू लागले. मला समजावं म्हणून. जेवता जेवता त्यांनी विचारलं, "तुमच्या चर्चमध्ये प्रभूची भाकर कशी देतात?"

आणि मी सुटलो. गुण वस्तूशिवाय राहू शकत नाही. भाकरीचा रंग, वास, चव जिथे आहे तिथे भाकरच आहे. तेव्हा भाकरीचं खरोखर प्रभूचं शरीर होतं, असं तुमचे फादर सांगतात ते तुमच्याच पंडितांच्या नियमात बसत नाही. तिची आई वाढता वाढता थांबली. ताटातले मासे गार होत होते आणि मी दुसऱ्या मुद्द्यावर होतो. माझं संपल्यावर तिचे वडील म्हणाले, "पोरा, मी एवढंच विचारलं, हातात देतात की जिभेवर."

मी म्हणालो, हातात. ते म्हणाले, "बरं. जेव आता."

ती मला फाटकापर्यंत सोडायला आली. फाटकाची कडी उघडझाप करत बरंच काही बोलली. मी उत्तर दिलं. तीन भागांत. ती म्हणाली, "झालं?" आणि आत गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे आलो तो भडकूनच. सगळं सांगितलं. तुम्ही परात खाली ठेवलीत. "तिच्या वडिलांचा प्रश्न परत म्हटलास?" नाही. "तिचं म्हणणं?" नाही. "मग तू वाद कोणाशी घातलास?" मग आतून एक कोरी वही आणून माझ्या हातात दिलीत. "पहिल्या पानावर तिचं म्हणणं लिही. तिला दाखव. ती 'हो, हेच' म्हणाली तर दुसऱ्या पानावर तुझं उत्तर." मी ओरडलो, तुमच्याच विद्येने माझं वाटोळं केलं, तुम्हाला काय कळणार, तुम्ही तांदूळ निवडा. वही मात्र हातातच राहिली. महिन्याभरात कॉलेज सोडलं, कारण ती तिथे होती. पावसाळा संपताना तुम्ही गेलात. अंत्यविधीला मी स्मशानभूमीच्या फाटकाबाहेर उभा राहिलो. आत आलो नाही.

आता जूचंद्रला नव्या बिल्डिंगांतले फ्लॅट दाखवायचं काम करतो. गिऱ्हाईक काही विचारायच्या आत उत्तर देतो, म्हणून मालक शिव्या घालतो. तिचं लग्न झालं, त्यांच्याच चर्चमध्ये. वाट बघण्यासारखं काही उरलेलं नाही, हे मला कळतं. तरी या आठवड्यात ती वही काढली. वाटलं, निदान तुमचा तो एक धडा पुरा करावा. रोज बसलो. कडीचा आवाज आठवतो, तिच्या हाताला लागलेला गंज आठवतो, माझ्या उत्तराचे तिन्ही भाग शब्द न् शब्द आठवतात. तिचं एक वाक्य आठवत नाही.

हे पत्र दुसऱ्या पानापासून लिहितोय, सर. पहिलं पान कोरंच आहे. इतके दिवस मी म्हणत होतो की विसरलो. तसं नाही. ती बोलत होती तेव्हा मी तिसरा भाग जुळवत होतो.