सोबत कोण?

१४ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. घरात सगळ्यांना विचारलं म्हणून सांग.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू ‘कशी आहेस’ विचारतोस आणि मी ‘मस्त’ म्हणून मोकळी होते, म्हणून.

आधी तुझं काम. हृदयाची तपासणी करून घे, चालढकल नको. बाबा खुर्चीत बसल्या बसल्या गेले, त्याला आपण इतकी वर्षं सुखाचं मरण म्हणत आलो. माझ्या डॉक्टरबाईंना ते सुखाचं वाटलं नाही. वडील असे गेले असतील तर सगळ्या भावंडांनी तपासून घ्यावं, म्हणाल्या.

आता विचारशील, तू कशाला गेली होतीस डॉक्टरकडे? ज्येष्ठांच्या पोहण्याच्या स्पर्धेला यंदा दाखला लागतो. सत्तरीच्या गटात मी पहिली येते याचं फार कौतुक करू नकोस, आम्ही तिघीच असतो. बाई म्हणाल्या, “पोहणाऱ्यांना वाटतं, आपल्याला काही होत नाही.” मला वाटत होतंच. माझी नाडी सावकाश चालते म्हणून मी मिरवायचेसुद्धा.

पण दाखला हे निमित्त झालं. उन्हाळ्यापासून पोहताना शेवटच्या फेरीत छातीवर दडपण यायचं. मी टोपी बदलली, गॉगलचा पट्टा सैल केला, पोहायचा पोशाख एक माप मोठा घेतला. पाण्यात घाम फुटलेला कळत नाही आणि दम काय, सगळ्यांनाच लागतो. गेल्या महिन्यात भिंतीला हात लावला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या लेनमधल्या गृहस्थांनी दंड धरून ठेवला म्हणून वर राहिले. शिट्टी वाजली, सगळ्यांना बाहेर काढलं, मला टॉवेलात गुंडाळून बसवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून पोहणं बंद. अँजिओग्राफी करायची आहे. दोनदा तारीख घेतली आणि दोनदा सर्दी झाली म्हणून मोडली. सर्दी नव्हती. हॉस्पिटलमधली मुलगी फोनवर विचारते, “सोबत कोण आहे, आजी? एकट्या पेशंटला आम्ही घेत नाही.”

कुणाला नेऊ? तलावावरची माणसं रोज भेटायची, पण टोपी-गॉगलमध्ये. परवा भाजीच्या दुकानात एक बाई माझी चौकशी करायला लागल्या. मी ओळखलंच नाही. आमच्याच लेनमधल्या निघाल्या. पंधरा वर्षं एका पाण्यात आहोत आणि एकमेकींचं घर माहीत नाही. त्यांना कोणत्या तोंडाने म्हणू, माझ्या पलंगाशी येऊन बसा?

‘आमच्याकडे येऊन राहा’ असं तू म्हणायचास, तेव्हा मी तलाव पुढे करायचे. आता सकाळी उठते, चहा होतो, आणि उरलेली सकाळ संपता संपत नाही. काल दिवसभरात तोंडातून शब्द निघाला नाही, हे रात्री लक्षात आलं.

तीन डिसेंबरची तारीख मिळाली आहे. या वेळी त्या मुलीने विचारलं तेव्हा मी ‘भाऊ येतोय’ म्हणून सांगून बसले. तुला न विचारताच. जमत नसेल तर तसं कळव, मी रागावणार नाही.

हे खोटं आहे. रागावेन, रडेन, आणि पुन्हा सर्दी झाल्याचं सांगेन. आणि डॉक्टरबाई म्हणाल्या आहेत, आता तारीख मोडू नका.

तुझी, घाबरलेली,
ताई