जिन्यात अडकलेला घेर

नॅचेझ, मार्चअखेर

ती. ऑगस्टा आत्यांस भाची विनिफ्रेडचा आदरपूर्वक नमस्कार. तुमचे गुडघे आता कसे आहेत? इकडे सगळे धडधाकट. फक्त मला तोंड दाखवायला जागा उरलेली नाही.

यंदाही वसंतात तुमची हवेली लोकांना दाखवायला उघडली. मी तुमचा तो पिंपाएवढ्या घेराचा झगा (आत पोलादी कड्या असलेला) घालून तुम्ही पाठ करून घेतलेलं सगळं म्हणत होते: दर्शनी खांब ग्रीक देवळासारखे (आत विटा आणि वर चुना, हे गाळून), पुढचा जिना गोलाकार, जणू अधांतरी. मग भिंतीतला मागचा अरुंद जिना उघडून तुमचं आवडतं वाक्य म्हटलं, की आमच्याकडे नोकरांना घरच्यासारखं वागवत, म्हणून त्यांच्या सोयीसाठी हा वेगळा जिना. पाहुण्यांत व्हर्नेल पिकेट नावाच्या एक वयस्क कृष्णवर्णीय बाई होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "सोय म्हणता, मग जरा चढून दाखवता का?"

मला कुठली अक्कल, चढले. पहिल्याच वळणावर घेर दोन्ही भिंतींत असा रुतला की पुढे ना मागे. खाली सगळे पाहुणे आणि वर माझी लेस लावलेली चड्डी. (तुमच्या भाचेजावयाने, डॉइलने, डुकराची चरबी लावायचं सुचवलं. हा माझा नवरा, हे मी कुणाला सांगितलं नाही.) शेवटी व्हर्नेलबाईच वर आल्या, झग्याच्या नाड्या सोडू लागल्या आणि माझ्या पाठीमागून म्हणाल्या, "माझी पणजी इथूनच तुमच्या लोकांच्या अंघोळीचं कढत पाणी वर न्यायची. नोकर नव्हे, गुलाम होती. पोटुशी असतानाही न्यायची. डायसी तिचं नाव."

तेवढ्यात खालून डॉइल आपल्या कुत्रीवर ओरडला, "डायसी, उतर खाली. लोकांच्या अंगावर चढू नको."

आत्या, या घरातल्या प्रत्येक कुत्रीचं नाव डायसीच का, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. तुम्हीही तुमच्या आजीला विचारलं नसेल. व्हर्नेलबाईंचे हात नाडीवरच थांबले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी पुढची गाठ सोडली. मी नुसत्या चड्डीवर सगळ्यांसमोर खाली आले, पण लाज वाटत होती ती त्याची नव्हे.

तुमची,
विनिफ्रेड

ता. क. झग्याच्या कड्या वाकल्या आहेत. मी दुरुस्त करणार नाही.

ता. क. २. घराच्या मालकीण तुम्ही, म्हणून विचारते. ते वाक्य मी पुन्हा म्हणणार नाही. त्या जिन्यापाशी डायसीच्या नावाची पाटी लावायची आणि तिची हकीकत व्हर्नेलबाईंनी सांगायची, याला परवानगी द्या. (त्यांना विचारून झालंय. आधी आत्याबाईंचं उत्तर दाखवा, म्हणाल्या.)

ता. क. ३. कुत्रीचं नाव बदललंय. घराण्यातलंच नाव ठेवायची रीत मोडवेना, म्हणून ऑगस्टा ठेवलं. हाक मारली की शेपूट हलवत येते. तुम्हाला कसं वाटतं, ते कळवा.