देवीची अंघोळ

४ ऑक्टोबर २००६, बॉन
आलो एकदाचा. जुने कागद दुरुस्त करायची कार्यशाळा झकास आहे आणि खोलीतून नदी दिसते. मैथिली अजून बॉबलिंगेनच्या नोकरीत, आमचा कुत्रा राजाभाऊ तिच्यापाशी. पिल्लू असताना त्याला मीच बाटलीने दूध पाजलं, बायकोपेक्षा माझ्यावर जास्त हक्क सांगतो लेकाचा. पुढच्या शनिवारी दोघं येणार. ही नोकरी टिकली की बिऱ्हाड इथेच, एका गावात.

५ ऑक्टोबर
अठराव्या शतकातलं एक छापील चित्र धुवायला मिळालं. भिंती सजवायला लावत तसलं. कडेने शिंपले, वेलबुट्टी, मधे डायाना देवी रानातल्या तळ्यात अंघोळ करतेय. काठावर एक शिकारी आणि त्याचे कुत्रे. गोष्ट अशी की तो तिला चुकून बघतो, ती त्याच्यावर पाणी उडवते, त्याचं हरीण होतं आणि त्याचेच कुत्रे त्याला फाडतात. आमच्या प्रमुख फ्राऊ लेन्त्स म्हणाल्या, हे चित्र पाण्यात पालथंच ठेवायचं, इथली पद्धत आहे. पण देवीला पालथं घालणं माझ्याने होईना. त्या जेवायला गेल्यावर उताणं ठेवलं आणि बघत बसलो. फार सुंदर आहे ती. ट्रेमधलं पाणी कपाळावर उडालं, ते पुसलं.

९ ऑक्टोबर
पाणी उडालं तिथे दोन टणक टेंगळं आलीत. डॉक्टरांनी मलम दिलं. घरमालकिणीचा कुत्रा रोज शेपूट हलवायचा, आज गुरगुरला. शेवटी फ्राऊ लेन्त्सना खरं काय ते सांगितलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या. घरी कुत्रा आहे का, विचारलं. हो म्हणालो. त्याला इथे येऊ देऊ नका म्हणाल्या.

११ ऑक्टोबर
चित्रात शिकारी नाही. तिथे कोरा कागद. कुत्रे आहेत, आणि माझ्याकडे बघतायत.
येऊ नकोस सांगायला मैथिलीला फोन केला. शब्दच फुटेना, घशातून भलताच आवाज. तिला वाटलं सर्दी झाली. आल्यावर काढा करून देते म्हणाली. मेसेज करायला गेलो तर बोटं जुळलेली, बटणं दाबली जात नाहीत. पेन मुठीत धरतोय.

१३ ऑक्टोबर
बाहेर पडवत नाही. खाली कुत्री बसलीत. भीती वाटते, फार भीती.
कुत्र्याला आणू नकोस, असं लिहून दाराला चिकटवलं. घरमालकिणीने काढून आत सरकवलं. जिन्यात कागद लावणं हाउसऑर्डनुंगमध्ये, इमारतीच्या नियमांत, बसत नाही म्हणे.

१४ ऑक्टोबर
जिन्यात मैथिली. घरमालकीण किल्ली घेऊन—
राजाभाऊ भुंकतोय. असा तो कधीच—
दारावर नखं.
मैथिली त्याला समजावतेय, सोडते रे बाबा, तुझाच माणूस आहे आत—
राजाभाऊ मी आहे, मी