येळवशीच्या गोष्टीतली पाठमोरी मुलगी

बाई,

तुमच्या येळवशीच्या गोष्टीचा मी सिनेमा केला. एवढंच सांगून गप्प बसता आलं असतं तर बरं झालं असतं. तुम्हाला जाऊन आता वीसेक वर्षं झाली. तुमच्या मागं नळदुर्गात बरंच बदललं. हायवे रुंद झाला, त्यात आमचं पंक्चरचं दुकान गेलं. अण्णा त्याआधीच गेले होते. आई मात्र अजून तिथंच राहते, मी पुण्याला बोलावलं तरी चार दिवसांच्या वर थांबत नाही. सिनेमा तिनं पाहिला. तुम्ही पाहिला असता तर काय म्हणाला असतात, हे मला तिच्याच तोंडून कळलं, असं आता वाटतं.

मी चौथीत आहे. येळवस होऊन गेल्यावरचा दिवस, मधली सुट्टी. पोरं कालचंच बोलतायत: कुणाच्या शेतात कोप केवढी मोठी होती, कुणी आंबील किती प्यायली, संध्याकाळी पेटती चूड घेऊन शेताभोवती कोण पळालं. येळवशीला, मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आपलं सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपटी, करायची, आत पाच दगड मांडून पांडव म्हणून पुजायचे आणि दिवसभर येईल त्याला जेवू घालायचं. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी बोलावतं. त्या वर्षी आम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. त्यात कुणाचा वाकडेपणा नव्हता. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं सांगितलं असेल. अण्णांनी दुकान उघडं ठेवलं, कारण ट्रकवाल्यांना आपली येळवस ठाऊक नसते. आणि मधल्या सुट्टीत माझ्या शेजारच्या मुलीनं सगळ्यांदेखत डबा उघडून माझ्यापुढं ठेवला. "घे. तुमाला शेत न्हाय ना, म्हणून आईनं दिलंय." कालची भज्जी होती, पालेभाज्या आणि शेंगदाणे-वाटाणे घालून शिजवलेली, आणि बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे. मी खायला लागले आणि डोळ्यांतलं पाणी भज्जीत पडायला लागलं. तेवढ्यात तुम्ही दारात आलात. मला वाटलं, आता बाई जवळ घेतील. तुम्ही म्हणालात, "रडत खाऊ नको. खायचं तर नीट बसून, चवीनं खा. न्हायतर नको म्हण. दोन्ही चालतंय. असं मात्र खाऊ नको." मग तुम्ही आमच्यातच बसकरपट्टीवर बसलात, त्याच डब्यातली भज्जी बोटानं चाखलीत आणि त्या मुलीला म्हणालात, "आईला सांग, चिंच जरा कमी पडलीया." सगळी पोरं हसली. मीही हसले असेन, पण मनात तुमच्यावर रागच होता, आणि तो बरेच दिवस राहिला.

पुढच्या वर्षी येळवशीच्या आदल्या दिवशी तुम्ही चित्रांचे मोठे कागद घेऊन वर्गात आलात. खडूनं रंगवलेली चित्रं, एकेक भिंतीला टेकवून तुम्ही गोष्ट सांगत गेलात. एक मुलगी आहे, तिच्या घरी शेत नाही. सगळं गाव शेतात गेल्यावर ती गावाबाहेर पडते. सोबतीला कुणाचा तरी म्हातारा बैल आहे. ती ज्या ज्या कोपीवरून जाते तिथून हाक येते, "ये गं, जेवून जा." आणि ती म्हणते, "येते की. आधी आमचं होऊ द्या." दोन शेतांच्या मधल्या बांधावर ती पाच दगड मांडते, पडलेला कडबा गोळा करून गुडघ्याएवढी कोप उभी करते आणि दोन्ही शेतांकडं तोंड करून ओरडते, "आमच्याकडं जेवाया या." दोन्हीकडची माणसं आपापली ताटं घेऊन येतात, आणलेलं एकत्र करतात, आणि ती सगळ्यांना वाढते. शेवटचं वाक्य तुम्ही हळू आवाजात म्हणालात: त्या दिवशी पोरगी वाढता वाढता दमून गेली.

सगळ्या चित्रांत मुलगी पाठमोरी होती. दोन वेण्या, लाल परकर आणि पुढं पसरलेली ज्वारी. मी विचारलं, "बाई, हिचं तोंड का न्हाय काढलं?" तुम्ही कागद गोळा करत होतात. माझ्याकडं न बघता म्हणालात, "तोंड काढलं तर गाव वळखंल की तिला." ती कोण, हे वर्गात फक्त मला कळलं. पुढं उमरग्याच्या एका छापखान्यानं त्याचं छोटं पुस्तक काढलं, आणि आजूबाजूच्या शाळांत येळवशीच्या आधी ते वाचायची पद्धत पडली. मी कॉलेजला गेले तेव्हा मुरुमकडची मुलंही ती गोष्ट मला सांगायची, जणू त्यांच्याच गावात घडलेली.

सिनेमा करायचं ठरल्यावर निर्मात्यांना गोष्ट आवडली, शेवट सोडून. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "मुलगीच सगळ्यांना जेवू घालते हे पटत नाही हो. आणि लोकांना रडू कुठं येणार?" मी वाद घातला, पण एक दुपारच. कारण आतून मलाही वाटत होतं की तो शेवट तुम्ही मला बरं वाटावं म्हणून रचला होता. निर्मात्यांनी नुसतं सुचवलं, नवा शेवट लिहिला मी. नव्या शेवटात मुलगी एका मोठ्या शेतकऱ्याच्या कोपीसमोर येऊन उभी राहते. आतून पंगतीचा आवाज येतो. तो माणूस तिला बघतो, बाहेर येतो, गुडघ्यावर बसतो आणि आपल्या हातानं तिला घास भरवतो. ती रडते. कॅमेरा तिच्या चेहऱ्याच्या इतका जवळ नेलाय की पडदाभर दुसरं काही दिसत नाही. तुम्ही पुस्तकभर झाकून ठेवलेलं तोंड, बाई, मी तीस फूट रुंद केलं.

नळदुर्गाजवळच्याच रानात ते चित्रीकरण झालं. काम करणारी मुलगी पुण्याची, हुशार, पण तिला रडू येईना. तिनं मला विचारलं, "हिला भूक लागलीय का?" मी म्हटलं, नाही, भूक नाही. "मग?" मी तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "असं समज, सगळ्यांना बोलावलंय आणि तुला कुणी बोलावलं नाही. तू कुणाच्या लक्षातच नाहीस." तिचे डोळे तिथंच भरले. मी तिला तशीच जागेवर नेली आणि काम उरकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिची आई तिला घेऊन गाडीत बसली, तरी तिचं रडणं बराच वेळ थांबलं नव्हतं.

आईला मी सोलापूरला थिएटरात नेलं. शेवटाला बायका पदरानं डोळे पुसत होत्या. मी अंधारात आईकडं बघितलं. ती सरळ पडद्याकडं बघत होती, डोळे कोरडे. परतीच्या वाटेवर सोलापूर मागं पडल्यावर तिनं गाडीची काच वर केली. मग म्हणाली, "ती पोरगी कुणाच्या कोपीम्होरं जाऊन उभी का ऱ्हायली गं?"

"सिनेमा आहे आई. तसं करावं लागतं."

"बाईंनी तसं लिवलं न्हवतं."

"बाईंचा शेवट लोकांना खरा वाटला नसता."

आई माझ्याकडं वळली. "खरा का वाटत न्हाय? त्या येळवशीला म्या काय केलं व्हतं, इसरलीस व्हय? कुणी बोलावलं न्हाय म्हणून तुझे अण्णा गप बसले व्हते. म्या म्हणलं, आपणच करू. दुकानाम्होरं चूल मांडली, भज्जी केली, आंबील केली. ट्रकवाले थांबले व्हते, कुठले कुठले, त्यांना बी वाढलं. टायरीवर बसून जेवले समदे. तुझ्या बाई बी आल्या व्हत्या. त्यांचं तरी हितं कोण व्हतं? बदलून आलेल्या, भाऊ तिकडं कर्नाटकात. पोटभर जेवल्या आन् जाताना मला म्हणल्या, येळवस झाली बघा माझी."

"मग मला कसं आठवत नाही?"

"तू आत फुगून बसली व्हतीस. हाका मारल्या तर आली न्हाईस. ट्रकवाल्यांच्यात जेवायची लाज वाटली तुला."

बाई, मला ते आठवलं. दुकानातल्या पडद्याच्या आत, ट्यूबांच्या ढिगावर बसलेली मी, आणि बाहेर हसण्याचे, पातेल्यावर पळी आपटल्याचे आवाज. त्या आवाजांत तुमचा आवाज होता हे मला माहीत नव्हतं. म्हणजे दुसऱ्या दिवशी वर्गात माझ्या डोळ्यांतलं पाणी बघताना तुमच्या पोटात माझ्याच आईच्या हातची भज्जी होती. तुम्ही काहीच रचलं नव्हतं. फक्त माझ्या आईचं काम गोष्टीतल्या मुलीच्या हाती दिलंत, म्हणजे मला ते कधीतरी माझंही वाटावं. आणि मी काय केलं, तर आईला पुसून टाकलं आणि तिच्या जागी पांढऱ्या कपड्यांतला एक दयाळू माणूस आणून बसवला. आई एवढंच म्हणाली, "आपण कुणाच्या दारात उभं न्हवतो ऱ्हायलो." पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. सिनेमाला बक्षीस मिळालं तेव्हा तिनं शेजारी पेढे वाटले, आणि मला ते पेढे खाववेनात.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. गेल्या येळवशीच्या आधी मुरुमला एका मंडळानं कार्यक्रम ठेवला आणि मला पाहुणी म्हणून बोलावलं. आता शाळांत तुमचं पुस्तक कुणी वाचत नाही, भिंतीवर सिनेमा दाखवतात. तो बघूनच त्यांना कल्पना सुचली होती. ज्यांच्या घरी शेत नाही अशी मुलं त्यांनी स्टेजवर ओळीनं उभी केली होती, नावं माइकवर पुकारून. गावातली मोठी माणसं त्यांना एकेक घास भरवत होती, अगदी सिनेमातल्यासारखं गुडघ्यावर बसून. माझ्या वाट्याला आलेली मुलगी नऊ-दहा वर्षांची होती, तेल लावून चापून बसवलेले केस. मी घास पुढं केला. तिनं ओठ मिटून घेतले.

"मी जेवून आलीया," ती हळूच म्हणाली.

फोटोवाला ओरडला, "मॅडम, जरा इकडं." मागून कुणीतरी तिला म्हणालं, "घे की गं, किती मोठ्या आहेत त्या." मला हात मागं घेता आला असता. तिच्याशेजारी बसून काही बोलता आलं असतं. तुम्ही बोललाच असतात. मी म्हटलं, "एकच घास, बाळा." तिनं तोंड उघडलं, घास घेतला आणि न चावता तसाच गालात धरून ठेवला, फोटो होईपर्यंत. मग ती पायऱ्या उतरली, स्टेजच्या कडेला वाकली आणि घास रुमालात काढून रुमालाची घडी घातली. ती रडली नाही. खाली सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी वर उभी राहून त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवत होते. पेपरात आलेल्या फोटोत मी हसते आहे.

तुम्ही आज हयात असतात, तरी हे मी पाठवलं नसतं. वर एवढं सगळं लिहिलं, पण एक गोष्ट टाळत आले. मुलाखतीत मला नेहमी विचारतात, ही मुलगी खरंच होती का, कोण होती? मी म्हणते, होती आमच्या गावात एक, बिचारी. आता कुठं असते, माहीत नाही. बाई, हे म्हणताना माझा आवाज जरासुद्धा हलत नाही.