लेबलावरची आत्या

जव्हार, कार्तिक शुद्ध ८, शके १८३४

ती. सौ. ताईस,

लक्ष्मणाचा सा. न. वि. वि.

येथे सर्व क्षेम. भाऊबीजेला तू येणार म्हणून सुमीने अंगणभर रांगोळी काढली होती. तू आली नाहीस आणि पत्रही नाही.

आता कामाचे लिहितो. सुमीचा विषमज्वर श्रावणात उतरला, पण आता तिचे केस जाऊ लागले आहेत. रोज फणी फिरवली की मूठभर हातात येतात. तिची आई गेल्यापासून वेणी मीच घालतो. कचेरीत खर्डे लिहिणारा माझा हात त्या कामात आधीच बेताचा, आता तर फणी उचलायला धजत नाही. मी तिच्या पाठीमागे बसतो म्हणून बरे, माझे तोंड तिला दिसत नाही.

माघात मोखाड्याची मंडळी तिला पाहायला येणार आहेत. मुलगा शिकलेला आहे, घर चांगले आहे. पण त्या घरच्या बायका मुलीची वेणी सोडून केस पाहतात असे ऐकतो. असे स्थळ मला पुन्हा कोण आणून देणार?

इथल्या दुकानात तुमच्या घरचे, मधुकररावांचे घनकुंतल तेल आले आहे. बाटलीवर तुझे चित्र, केस गुडघ्यापर्यंत सोडलेले. दुकानदार ती पुढेच मांडतो. माझी बहीण सगळा जव्हार पाहतो आहे, याचे हसूही येते आणि रागही. सुमीने त्या बाटलीचा हट्ट धरला आहे. किंमत सव्वा रुपया. तुझी वेणी मी लहानपणी खुंटीला बांधून ठेवीत असे, ती आईच्या साध्या खोबरेलावर वाढली होती हे मला पक्के आठवते. म्हणून सरळच विचारतो, या तेलाने केस येतात का? घेऊ की नको?

धाकट्यावरची माया उणी होऊ देऊ नये.

तुझा लक्ष्मण


मुंबई, गिरगाव, कार्तिक वद्य ५

चि. लक्ष्मणास अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझे पत्र पोचले. इकडच्या स्वारीनेही वाचले. हेही पत्र तिकडून वाचूनच टपालात पडेल, तेव्हा अक्षर जपून काढते आहे. तीन बाटल्या नेमाने लावल्याशिवाय गुण येत नाही असे कळवायला सांगितले आहे. पहिली बाटली आत्याकडून म्हणून पाठवली आहे. तुझ्या प्रश्नाचे उत्तर बाटलीवर छापलेलेच आहे.

सुमीला दूध आणि नाचणीची पेज चुकवू नको. शिकेकाई आठवड्यातून एकदाच लाव. वेणी सैल घालत जा, तू दोरखंड वळल्यासारखी ओढत असशील. फणीतले गुंतवळ टाकून देऊ नको, डबीत ठेव, बायकांच्या उपयोगी पडते.

भाऊबीजेचा राग धरू नको. इथे थंडी पडली आहे, मी घरातही डोक्यावरचा पदर काढत नाही. कोणाकडे जाणेयेणेही सोडले आहे.

सुमीला माझ्या वतीने जवळ घे.

तुझी ताई


जव्हार, मार्गशीर्ष वद्य २

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

मुंबईत कसली ग थंडी? इथे जव्हारच्या माळावर येऊन बघ.

पहिली बाटली संपली, दुसरी मी विकत घेतली. वास फार सुरेख आहे, सगळे घर मोगऱ्याने भरते. सुमी बाटली उशाशी घेऊन निजते. डोके मात्र खाजते आणि केस जायचे थांबले नाहीत. कामाला येणारी गोजाबाई जामसरची, साठीची असेल, केस अजून काळे. तिने झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली की वास देवाला चालेल, पोरीला खाऊ घाला. तिने मोहाच्या बियांचे तेल आणून दिले. पण सुमी त्याला शिवत नाही. आत्याच्या चित्राखाली लिहिले आहे तेच खरे, असे तिचे म्हणणे.

काल तिने आईचे केसात घालायचे चांदीचे फूल माझ्यापुढे ठेवले. ते मोडून तिसरी बाटली आणा म्हणाली, कारण केसच नाहीत तर फूल घालायचे कशात? ताई, मी कचेरीत लौकर निघून गेलो.

मी तुला एक साधी गोष्ट विचारली होती आणि तू मला नाचणी सांगितलीस. आता एका शब्दात लिही. तिसरी घेऊ का?

रागाने लिहिले तरी माणूस तुझेच आहे.

लक्ष्मण


मुंबई, पौष शुद्ध ९

चि. लक्ष्मणास आशीर्वाद.

तुझ्या शेजारच्या आशालताबाई माहेरी आल्या होत्या, त्यांच्या हाती हे देत आहे. टपालाचे नाही, म्हणून मोकळे लिहिते.

तिसरी घेऊ नको. फूल मोडलेस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. ते चित्र सहा वर्षांपूर्वीचे, तेव्हा हे तेल जन्मालाही आले नव्हते. तुला आधीच लिहायला हवे होते. माणसे वाईट नाहीत रे इथली, पण सगळे घर त्या बाटलीवर चालते. नवा अर्क घातला की तो आधी माझ्या डोक्याला लावून पाहतात. मी नाही म्हणून कोणाला सांगू?

सोबत केसांचे एक गंगावन आहे. सुमीच्या वेणीत मिसळून गुंफ, कसे ते आशालताबाई दाखवतील. आपल्या घराण्याचाच रंग आहे, वेगळे दिसणार नाही. मोखाडकरांना सांगायचे की नाही ते तू ठरव. मला मात्र काही विचारू नको.

ताई


जव्हार, माघ शुद्ध ११

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र टपालातच टाकतो आहे. मधुकरराव वाचतील तर वाचोत.

मंडळी काल येऊन गेली. गंगावन घालून सुमी इतकी तुझ्यासारखी दिसत होती की मी दोनदा आत जाऊन पाहून आलो. सांगायचे धैर्य मला झाले नाही. मुलाच्या आजीने वेणी सोडली आणि ते तिच्या हातात आले. मी जमिनीकडे पाहत राहिलो. सुमी मात्र घाबरली नाही. हे माझ्या आत्याचे, बाटलीवर आहे ना तिचे, असे तिने अभिमानाने सांगितले.

म्हातारी हसली नाही. उजेडात नेऊन तिने एकेक केस पाहिला. मग मला म्हणाली की कापलेल्या केसाला मूळ नसते, इथे प्रत्येक केसाला बारीक पांढरे मूळ आहे, हे सारे गळलेले गुंतवळ आहे. एवढे जमवायचे तर डोक्यावर काय उरले असेल, तिला औषधपाणी करता की नाही? जाताना मंडळी, केस आल्यावर वर्षभराने पाहू, असे म्हणाली. तोवर दुसरी मुलगी मिळाली नाही तर.

स्थळ गेले ते गेले. ताई, तू डोक्यावरून पदर काढत नाहीस तो थंडीने नाही, हे मला एका परक्या म्हातारीने सांगायचे का? मी येऊन तुला घेऊन जाऊ का? पण घेऊन येऊन तरी मी काय करणार, तेही कळत नाही.

तुझा लक्ष्मण


मुंबई, माघ वद्य ४

रा. रा. लक्ष्मणराव यांस,

मधुकराचा स. न. वि. वि.

आपले पत्र वाचले. सौ.ची प्रकृती ठीक आहे, काळजी नसावी. अर्क या खेपेला मवाळ केला आहे. धंद्यात इतका गुंतलो आहे की मागे फिरता येत नाही, हे आपण नोकरीवाले समजणार नाही. रागावू नये.

लिहिण्यास कारण की, नव्या लेबलासाठी फोटोग्राफर अमावास्येनंतर घरी येणार आहे. सौ. स्वतः मागणार नाही म्हणून मी लिहितो. सुमीचे काम झालेच आहे, तरी ते गंगावन परत पाठवावे. फोटोपुरते लागेल.

आमच्याविषयी किंतु न ठेवावा.

मधुकर


जव्हार, माघ वद्य ११

ती. सौ. आत्यास,

सुमीचा शि. सा. नमस्कार.

काकांचे पत्र बाबांनी तीनदा वाचले. मग ते मागच्या दारी जाऊन बसले, म्हणून मी लिहिते आहे. गंगावन पाठवले आहे. मी ते शिकेकाईने धुऊन सावलीत वाळवले.

माझ्या कानशिलांवर बोटाच्या पेराएवढे नवे केस आले आहेत. गोजाबाई म्हणते तिच्या तेलाने आले, पण ते मी लावलेच नव्हते. बाबा म्हणतात नाचणीने. मला वाटते ते आपले आपणच आले. तू तेल लावू नको, म्हणजे तुलाही येतील. काका ऐकणार नाहीत का?

गंगावनात आईचे फूल खोवले आहे. फोटोत ते राहू दे, म्हणजे कोणी बघितले तर फुलाकडे बघतील. नंतर परत पाठवायची घाई नाही.

नवे लेबल छापून आले की मला पाठव. बाटली नको.

तुझी सुमी